माती पवित्र, मग माणूस?

कोलकात्यात दुर्गापूजेची चाहूल सर्वांत आधी लागते ती कुमारटुलीत. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कारागिरांची दुकाने, बांबू-पेंढ्याचे सांगाडे आणि त्यांवर चिखल लिंपणारे हात. ही माती बहुतेक गंगेचीच असते. परंपरा मात्र आणखी एक मूठभर माती मागते: वेश्येच्या दारातली! ती मिसळल्याशिवाय देवीची मूर्ती पूर्ण होत नाही, असे मानतात.

का? जुनी माणसे सांगतात, त्या घरात शिरणारा पुरुष आपले पुण्य उंबऱ्याबाहेर टाकून जातो, म्हणून तिथली माती पवित्र. दुसरे काही म्हणतात, देवी सगळ्यांची आई, तिच्या मूर्तीत समाजातल्या प्रत्येकाचा वाटा हवाच.

हे दार शोधायला लांब जावे लागत नाही. कुमारटुलीहून दक्षिणेला, जुन्या चितपूर रस्त्याने थोडे चालले की सोनागाछी. सोना गाजी नावाच्या पिरावरून हे नाव पडले म्हणतात. देशातल्या सर्वांत मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी ही एक. रात्रीची सोनागाछी सिनेमांनी पुष्कळ दाखवली. सकाळची सोनागाछी मात्र कुठल्याही जुन्या मोहल्ल्यासारखीच असते. नळावर बादल्यांची रांग, कठड्यावर वाळणारे कपडे आणि दप्तर पाठीला लावून शाळेला निघालेली मुले.

१९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना एड्स रोखण्याच्या सरकारी प्रकल्पासाठी इथे आले. उपदेश करण्याऐवजी त्यांनी वस्तीतल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. त्यातून १९९५ मध्ये 'दुर्बार महिला समन्वय समिती' उभी राहिली. त्याच वर्षी सावकाराच्या जबर व्याजातून सुटण्यासाठी बायकांनी 'उषा' ही सहकारी पतसंस्था काढली. सभासद चांगल्या चारित्र्याचा हवा, ही नोंदणीची अट होती. 'गृहिणी म्हणून नोंद करा,' असे सुचवण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि आपल्या कामाच्या नावानेच नोंदणी मिळवली. खोटे नाव घेऊन मिळणारा मान त्यांना नको होता.

आणि ज्यांच्या दारची माती देवीला चालते, त्यांची पूजा? सोनागाछीत स्वतःचा दुर्गोत्सव करण्यासाठी २०१३ मध्ये त्यांना उच्च न्यायालयाची परवानगी आणावी लागली!

१९९९ मध्ये कोलकात्यातल्या अशाच एका वस्तीत एका स्त्रीचा खून झाला. २०११ मध्ये आरोपीची शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे. त्याच प्रकरणात १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने निर्देश दिले. अशा स्त्रीवर अत्याचार झाल्यास तिला इतर पीडितांसारखीच मदत मिळावी, छाप्याच्या बातमीत तिची ओळख उघड होऊ नये. कुंटणखाना चालवणे मात्र आजही गुन्हाच आहे.

फसवून, विकून आणलेल्या मुली हे या वस्त्यांचे भीषण वास्तव. अल्पवयीन आणि बळजबरीने आणलेल्या मुली हुडकण्यासाठी 'दुर्बार'ने स्वतःची मंडळे नेमली आहेत. मुलींचा बाजार मांडणाऱ्यांना क्षमा नाहीच. पण त्यांच्यावरचा राग बळी पडलेलीवर, किंवा पोटासाठी हाच मार्ग धरलेलीवर का निघावा? हा व्यवसाय चांगला की वाईट, यावर मतभेद राहतील. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत समोरच्या बाईचा मान थांबवून ठेवता येत नाही.

पूजेच्या दिवसांत कोलकात्याला जाणाऱ्याने कुमारटुली जरूर पाहावी. वाट सोनागाछीवरून गेलीच, तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, टक लावून पाहू नये. तिथे राहणाऱ्या बायकांचे ते घर आहे. दारातल्या मातीला हात जोडणाऱ्या समाजाने दारात उभ्या असलेल्या बाईकडे निदान माणूस म्हणून पाहावे, एवढीच तर अपेक्षा आहे.