भिंतीपासून एक सेंटिमीटर

कपाट जोडून झालं, दारं एका रेषेत आली, की गिऱ्हाईक खूश होऊन चहा टाकतं. माझ्या लेखी काम तिथून पुढे सुरू होतं, आणि नेमकं त्याच कामाला हल्ली हात साथ देत नाही. मनगटात नस दाबली गेली आहे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुपारनंतर बधिर होतात.

मिनीफिक्स, डॉवेल, पाठ ठोकण्याआधी कर्ण मोजणं, हे सगळं आता भाचा करतो आणि चांगलं करतो. कपाट भिंतीला जखडणं मात्र मी सोडत नव्हतो.

अडचण साधी वाटते. आपल्या घरांत स्कर्टिंगची फरशी भिंतीच्या पुढे येते, आठ-दहा मिलिमीटर तरी. कपाट खाली तिला टेकतं आणि वर भिंतीपासून तेवढंच सुटं राहतं. त्यात प्लास्टर ओळंब्यात नसलं तर आणखी थोडं. खोक्यातला ब्रॅकेट मात्र भिंतीला चिकटलेलं कपाट गृहीत धरून बनवलेला. स्क्रू आवळत गेलं की कपाट मागे रेलतं, पुढचे पाय अधांतरी होतात, जुळवलेली दारं बिघडतात. सैल सोडला तर ब्रॅकेट नुसता शोभेचा. म्हणून मी त्या फटीत सागाची पट्टी घालतो, जागच्या जागी रंधून, फट असेल तेवढ्याच जाडीची.

पट्टीनंतर भिंत. पेठेतल्या जुन्या घरात लाल भुकटी आली की निश्चिंत व्हावं, वीट आहे. नव्या टॉवरमध्ये काँक्रीटची भिंत असली तर ड्रिल किंचाळतं, पण एकदा भोक पडलं की गिट्टी जन्मभर हलत नाही. छळते ती सिपोरेक्सची, हलक्या ठोकळ्यांची भिंत. आधी जिप्सम प्लास्टरची मऊ पांढरी पूड येते, मग करडी, खरखरीत. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवत भोक पाडायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी घालायची. तरीही शेवटचा पाऊण फेरा हातालाच कळतो. गिट्टी फुगते, स्क्रू जड होतो आणि एका जागी म्हणतो, बस. त्यापुढे पाव फेरा गेला तर आत चुरा होतो, स्क्रूसकट गिट्टी गोल फिरू लागते, आणि ब्रॅकेट, पट्टी सगळंच चार बोटं सरकवावं लागतं.

तो ‘बस’ आता मला ऐकू येत नाही. भाचा म्हणतो, ‘मामा, मशीनच्या क्लचचा आकडा लावा ना.’ आकडा भिंतीला कुठे माहीत असतो? मी त्याला सांगतो, शेवटचा फेरा हाताने घे. तो घेतो, पण मला विचारत नाही, कसं लागलं म्हणून. हे मला खटकतं.

आमच्यातले जुने सुतार पार्टिकल बोर्डला भुसा म्हणून नाक मुरडतात. वडिलांच्या हातची सागवानी कपाटं कधी कलंडली नाहीत, हे खरं. पण त्यात कारागिरीपेक्षा वजनाचा वाटा मोठा होता. आणि तासाभरात कपाट उभं करून पळणारी पोरं तर भिंतीकडे बघतही नाहीत. ब्रॅकेटची पुडी ड्रॉवरमध्ये टाकतात, मुलाच्या खेळण्यांशेजारी. 2016च्या जूनमध्ये आयकियाने अमेरिकेत ड्रॉवरची 2 कोटी 90 लाख कपाटं परत बोलावली. भिंतीला जोडली नाहीत तर ती कलंडतात, आणि त्यांच्याखाली लहान मुलं दगावली होती. यात गूढ काही नाही. ड्रॉवर उघडले की भार पुढच्या पायांच्याही पुढे जातो, आणि पोराला ते उघडे ड्रॉवर म्हणजे जिना.

भाडेकरू सांगतात, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. मालकाला फोन लावा म्हणतो. तरीही नाहीच म्हणाला, तर ड्रॉवरचं उंच कपाट मी जोडत नाही. मग ते काम त्या तासवाल्या पोरांकडे जातं. जाऊ दे.

आता शेवटचा फेरा पूर्णपणे भाच्याकडे दिला आहे. माझ्याकडे पट्टी उरली. ती मी हल्ली पॉलिश करतो, दोन हात देऊन, जी बाजू भिंतीला टेकणार तीही. भाचा घड्याळाकडे बघत म्हणतो, ‘मामा, हे बघणार कोण?’ पॉलिशचे पैसे मी लावत नाही. पण परवा एका घरी गृहस्थ मोबाइलची बॅटरी लावून कपाटामागे डोकावले, तेव्हा मी मुद्दाम जरा बाजूला सरकलो. ते वायर शोधत होते.