वॉकरचं माप

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन सिस्टीम लिहायला फार आवडतं. पण जुनी, चालू असलेली, माणसं रोज वापरतायत अशी सिस्टीम दुरुस्त करायची म्हटलं की पोटात गोळा येतो. गेले तीन महिने मी तेच करतोय. कंपनीत नाही, यावलला, आमच्या घरात.

आमचा फ्लॅट 1997 सालचा. दुसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा यावलमध्ये फ्लॅट घेणं म्हणजे अपूर्वाईच. आजी पन्नाशीची होती, चौतीस पायऱ्या दिवसातून चारदा करायची. आता ती एकोणऐंशीची आहे. दिवाळीनंतर बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, जळगावला ऑपरेशन झालं आणि घरी वॉकर आला. काकांचं म्हणणं, नाशिकला त्यांच्याकडे तळमजला आहे, तिकडे घेऊन जातो. आजीचं एकच उत्तर, "मले कुठी नेऊ नका."

मग मी टेप घेऊन बसलो.

वॉकर 24 इंच रुंद. संडासाचा दरवाजा दोन फुटी, त्यातून चौकटीची जाडी गेली की उरतात 21 इंच. म्हणजे जिथे आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथे वॉकर दाराबाहेर ठेवून आत जायचं! केंद्र सरकारची 2021 ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं 900 मिलीमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट मोकळी जागा सांगतात. शिवाय आतला संडास सहा इंच उंच चौथऱ्यावर. जुन्या इमारतींत तिथला स्लॅब खाली घेतलेला नसेल तर पाइप लपवायला असा चौथरा करत. आणि दार आत उघडणारं. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. माणूस आत पडला तर तोच दाराला अडतो, बाहेरच्याला दार ढकलताही येत नाही.

माझी डिग्री इथे काही कामाची नव्हती, म्हणून एका सिव्हिलवाल्या मित्राला बोलावलं. त्याने आधी कॉलम कुठे आहे ते बघितलं (त्याला हात लावायचा नाही!), मग चार इंची भिंत फोडून दार रुंद केलं आणि बाहेर उघडणारं लावलं. भारतीय संडास काढून कमोड बसवला, बैठक 18 इंचांवर, कारण बुटक्या कमोडवरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. बाथरूमच्या गुळगुळीत टाइल्स काढून खरखरीत बसवल्या. एवढं सगळं पाच दिवसांत झालं. त्या पाच दिवसांत आजी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची आणि आल्यावर त्यांच्या बाथरूममधल्या चुका मला सांगायची.

खरा वाद झाला भिंतीवरच्या आधाराच्या दांड्यावरून. "मले धराले कशाले पायजे?" म्हणे. तोवर ती टॉवेलच्या दांडीला धरून उठत होती, जी दोन छोट्या स्क्रूंवर लटकलेली! माणसाचं वजन तोलायला दांडा भिंतीत नीट, आरपार बोल्टने बसवावा लागतो. मी तिला हे समजावत होतो, तर आईने मध्येच वेगळा मुद्दा काढला. आमचं आधीचं धाब्याचं घर. तिथे उंबरठे चांगले उंच होते, अंधार होता, अंगण ओलं असायचं. पण आजी तिथे कधी पडली नाही. का? तर तिथे चार पावलांवर लाकडी खांब होता, चौकटी जाड होत्या. येता-जाता हात आपोआप तिथे जायचा. फ्लॅटमध्ये भिंती गुळगुळीत, धरायला काहीच नाही. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, खांब समजून लाव." :)

घरातलं निभलं. जिन्याचं अडलंय.

कठडा एकाच बाजूला आहे. आजीची उजवी बाजू कमजोर. चढताना कठडा डाव्या हाताला येतो, तेव्हा ठीक. उतरताना तोच उजव्या हाताला! म्हणजे वर येता येतं, खाली जाता येत नाही. भिंतीच्या बाजूने दुसरा दांडा लावला की प्रश्न सुटतो. वेल्डरने अठरा हजार सांगितले, सहा घरांत तीन-तीन हजार. चार घरं तयार आहेत, आमचं पाचवं. तळमजल्यावरचे काका म्हणतात, मी जिना चढतच नाही, मी का देऊ?

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, पण जुन्या इमारतींना त्यात घातलेली पाच वर्षांची मुदत सार्वजनिक इमारतींसाठी. आमच्यासारख्या खाजगी अपार्टमेंटला ती लागू नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत मात्र लिफ्टचा दुरुस्ती-देखभालीचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांनी समान द्यायचा असतो, लिफ्ट वापरा किंवा नका वापरू. जिन्याच्या दांड्याला हाच न्याय का नको? हे मी काकांना सांगणार आहे. नाहीच पटलं तर त्यांचे तीन हजार आम्ही भरू, पण आधी विचारणार नक्की. काकांचं वय अडुसष्ट आहे आणि सकाळी वर्तमानपत्र वाचायला ते आमच्याच मजल्यावर येतात.

मीटिंग येत्या रविवारी. शुक्रवारची महाराष्ट्र एक्स्प्रेस वेटिंगवर आहे. आजी चार महिने खाली उतरलेली नाही. केळीचा भाव काय चाललाय हे ती गॅलरीतून ओरडून विचारते.