डोर्नकलची वाट

पहिला दिवस. कोहिनूर ते बिदर.
बस पाऊण तास उशिरा. तिकीट शून्य, बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं. चहा 10, केळी 30, रिक्षा 60. टाच ठणकतेय. झोपते.

दुसरा दिवस. रेल्वेत.
गाडी दोन तास उशिरा. इडली 40, पाणी 20. सिकंदराबादनंतर सगळा डबा तेलुगू बोलू लागला नि मी गप्प झाले. लातूरहून कोहिनूरला नांदायला आले तेव्हा कन्नड कानावर पडलं की अशीच गप्प बसायची. टाच सुजली आहे.

तिसरा दिवस. डोर्नकल.
सकाळीच एपिफनी कॅथेड्रल. खांब देवळाचे, घुमट मशिदीसारखा, मध्ये क्रूस. निजामाच्या मुलखातलं प्रार्थनाघर असंच हवं. 1939 साली ते खुलं झालं. बिशप वेदनायकम सॅम्युएल अझरय्यांच्या हयातीतच.

हा माणूस तिरुनेलवेलीकडचा तमिळ. 1909 मध्ये पस्तिशीच्या उंबरठ्यावर इथं आला, तेलुगू शिकला. 29 डिसेंबर 1912 ला कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. आमच्या बिदरकडं चर्च म्हणजे मेथडिस्ट, त्यामुळं हे नाव मी फार उशिरा ऐकलं. त्याची मला खंत आहे. 1910 च्या एडिंबरा परिषदेत जगभरच्या मिशनऱ्यांसमोर उभं राहून त्यांनी आधी मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल आभार मानले आणि मग मैत्री मागितली. साहेबाच्या राज्यात साहेबाला तोंडावर हे सांगायला केवढी छाती लागली असेल! दक्षिणेतल्या चर्चांच्या एकीसाठी ते झटले. 1 जानेवारी 1945 ला इथंच वारले. ती एकी 27 सप्टेंबर 1947 ला झाली, त्यांना पाहायला मिळाली नाही. हे मनाला फार लागलं.

आवार झाडणारे एक म्हातारबाबा भेटले. त्यांचं तेलुगू मला कळेना, माझी मराठी त्यांना. मग दोघांच्याही तोंडून दखनी निघाली. ‘‘कां से आए, अम्मा?’’ कोहिनूर म्हटल्यावर म्हणाले, ‘‘हीरा?’’ ‘‘नै बाबा, गांव.’’ ‘‘हौ, हौ.’’ खराटा भिंतीला टेकवून त्यांनी तांब्याभर पाणी आणलं. माझी टाच बघून स्वतःच्या बसायच्या पोत्याची घडी केली नि पायाखाली सरकवली. पोत्याला चिंचेच्या वाळक्या पानांचा चुरा चिकटलेला होता. अर्धा तास तसेच बसलो. ते तेलुगूत काहीबाही सांगत राहिले. मी मान डोलावत होते, अर्धंमुर्धं समजत होतं.

चौथा दिवस.
परतीची गाडी. उशीर झालाच.

पाचवा दिवस. कोहिनूर.
भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. चार दिवसांनी पोटभर जेवले. शेजारच्या अक्का बिशपबद्दल विचारायला आल्या. कन्नडमध्ये सांगत होते, एडिंबऱ्यापाशी अडले. मैत्रीला काय म्हणायचं? ‘‘गेळेतन,’’ अक्कांनी शब्द पुरवला, आणि पुढचं ऐकायला उंबऱ्यातच बसल्या.