खर्ज घरी आला

आमच्या पिढीनं पुण्यात घरबसल्या जे संगीत ऐकलं, त्याला तळ नव्हता. सूर होते, शब्द तर लख्ख होते. पण डग्ग्याचा घुमारा, तंबोऱ्याचा खर्ज, पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूची थाप ही सगळी मंडळी घराबाहेरच भेटायची. त्यांच्यासाठी सवाई गंधर्वला रमणबागेच्या मांडवात जाऊन बसावं लागे, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास उभं राहावं लागे, नाहीतर शिवाजीनगरला राहुल ७० एमएमचं तिकीट काढावं लागे. आता हा खर्ज सोफ्याच्या शेजारी एका काळ्या चौकोनी खोक्यात मुक्कामाला आला आहे. सबवूफर घेतला का, हा प्रश्न हल्ली कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये वॉटर प्युरिफायर घेतला का, इतक्या सहजपणे विचारला जातो.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ पासून तिथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागलं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. वर्षभर चाललेली एकूण ५६ गीतं. रेडिओला हार घालून वाड्यातली माणसं ऐकायला बसत, हे घरातल्या मोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आपणच तिथं होतो असं वाटावं. तो रेडिओ व्हॉल्व्हचा. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा आणि आत बऱ्यापैकी मोठा स्पीकर. त्याची जागा ठरलेली, कोपऱ्यातल्या फळीवर, वर भरतकाम केलेलं कापड. मुलांचा हात पोचू नये म्हणून तो तिथं ठेवलेला असे. पण दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात खालच्या पट्टीचा आवाज आपोआप भरदार होतो, आणि हा फायदा त्या घराला फुकटात मिळे. ‘जुन्या रेडिओचा आवाज गोड होता’ या म्हणण्यात आठवणींचा वाटा आहेच, पण लाकडाचा आणि कोपऱ्याचाही आहे.

मग ट्रान्झिस्टर आला. रेडिओ फळीवरून खाली उतरला, स्वयंपाकघरात गेला, अंथरुणात उशाशी आला, आणि आवाजाचा तळ गेला. प्लॅस्टिकच्या डब्यातला तीन-चार इंची स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही बोलतच नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. हिशेबानं ती तार ट्रान्झिस्टरवर ऐकूच यायला नको. तरी सकाळी साडेसहाला चहाबरोबर ती आम्हाला स्वच्छ ऐकू यायची.

ती करामत रेडिओची नसून कानाची. खर्जाच्या तारेतून ६९ च्या जोडीला १३८, २०७, २७६ असे वरचे स्वरांशही निघतात. त्या सगळ्यांत ६९ चंच अंतर आहे हे मेंदू ओळखतो आणि न वाजलेला पायाचा सूर स्वतःच भरून टाकतो. तंबोऱ्याला तर याचं वरदानच आहे. जवारीमुळे त्याचं सगळं वैभव वरच्या स्वरांशांत पसरलेलं असतं, सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली त्यावर शास्त्रीय लेखन केलं होतं. म्हणजे ट्रान्झिस्टरवर भीमसेन ऐकणाऱ्या माणसानं निम्मं गाणं ऐकलं आणि उरलेलं स्वतः वाजवलं. हे काम आपण करतो आहोत याचा त्याला पत्ता नव्हता, आणि ते करून करून त्याचा कान तयार होत होता.

वाढत्या वयाच्या पोरांना मात्र एवढ्यावर समाधान नसतं. कॅसेटचा काळ आला, टू-इन-वन आले, आणि ‘बास पाहिजे’ हे वाक्य पुण्यात ऐकू येऊ लागलं. त्यावरचा उपाय बुधवार पेठेत होता. तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास सुटे भाग मिळत. २एन३०५५ ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा, व्हॉल्यूम-बास-ट्रेबलची तीन बटणं. पुढे एलए४४४० ही आयसी आली आणि कॉलेजातला कुणीही ॲम्प्लिफायर बांधू लागला. असा असेंबल्ड ॲम्प्लिफायर घरी आणला की वासावरूनच कळायचं, सोल्डर आणि राळ यांचा तो वास.

स्पीकरचं खोकं मात्र महाग. त्यावर लोकांनी जी शक्कल लढवली, तिला आजही दाद द्यावीशी वाटते. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून माठ आणायचा. तोंड सहा इंची स्पीकर बसेल एवढं. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रबराची चकती कापून माठाच्या काठावर ठेवायची, म्हणजे पत्रा मातीवर खडखडत नाही. तिच्यावर स्पीकर पालथा घालायचा. वायर आतून काढायची की बाहेरून, यावर दोन पंथ. काही जण आत जुन्या गादीतला कापूस कोंबत. माठ जमिनीला टेकवायचा नाही, त्याला चुंबळ द्यायची. आणि मग कॅसेट लावली की खोलीभर असा काही घुमारा उठायचा की खालच्या मजल्यावरच्या आजी वर बघून विचारायच्या, “अरे, जातं कोण फिरवतंय?”

यामागचं शास्त्र साधं आहे. उघड्या स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन्ही लाटा कडेनं वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि खाऊन टाकतात. माठानं एक बाजू कोंडली की ही भानगड मिटते. सबवूफरचं महागडं खोकं मुळात हेच करतं. फरक असा की माठाला स्वतःचा एक सूर असतो, आणि तो तेवढाच एक सूर लाडानं वाढवतो. त्यामुळे कुणाचाही तबला असो, डग्गा एकाच सुरात बोलायचा. तबलजी मींड घेऊन आवाज वर चढवतोय आणि माठ आपला ‘घूं’वर ठाम. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. घुमतंय ना, मग झालं.

नव्वदच्या दशकात कंपन्यांनी आमची ही भूक ओळखली. दुकानांत पीएमपीओचे आकडे आले. डब्यावर हजार वॉट लिहिलेलं असे आणि मागच्या पट्टीवर पाहिलं तर सगळा संच मिळून भिंतीतून साध्या दिव्याएवढी वीज घेई. हजार वॉट बाहेर आणि साठ वॉट आत, हे गणित कुणी मांडत नसे. टीव्हीसुद्धा आवाजाच्या जोरावर विकले जाऊ लागले. ओनिडाचा केवाय थंडर आला, आणि मराठवाड्यात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननं बझूम्बा आणला. चित्र बघायच्या यंत्रात वूफर बसवणं ही त्या काळात चैन नव्हती, गरज होती. कारण तोवर आम्ही चित्रपटगृहात काय ऐकून येत होतो ते पाहा.

१९७५ चा ‘शोले’ ७० एमएमच्या प्रिंटवर आला, तेव्हा त्या फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्ट्यांवर आवाजाचे सहा वेगवेगळे माग होते. आगगाडी नुसती पडद्यावरून जायची नाही, खुर्चीखालून जायची. पुढे १९७९ साली ‘अपोकॅलिप्स नाऊ’नं खालच्या आवाजासाठी स्वतंत्र माग वापरला आणि १९९२ पासून डॉल्बी डिजिटलमुळे ‘फाइव्ह पॉइंट वन’ रूढ झालं. त्यातला ‘पॉइंट वन’ तो हा. बाकीचे पाच माग संपूर्ण आवाज वाहतात. हा फक्त १२० हर्ट्झच्या खालचा, म्हणून त्याची किंमत पूर्ण एकसुद्धा नाही. ‘ज्युरासिक पार्क’ आपल्याकडे १९९४ ला आला, तेव्हा डायनासोर दिसायच्या आधी ग्लासातलं पाणी थरथरतं, त्या प्रसंगात आख्खं थिएटर गप्प झालं होतं.

तेव्हा खर्ज ही चारचौघांची चीज होती. मांडवात हजारो माणसांच्या पोटात एकाच वेळी डग्गा उमटायचा. ढोलाच्या एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर थापी पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या छात्या एकाच ठेक्यात हलायच्या. तो अनुभव घरी न्यायची सोय नव्हती, आणि नसल्याचं दुःखही नव्हतं.

आता सोय आहे. दहा इंची सबवूफर दुपारी ऑनलाइन मागवला तर दुसऱ्या दिवशी लिफ्टनं वर येतो. प्रश्न त्यानंतर सुरू होतात. ४० हर्ट्झची लाट साधारण २८ फूट लांबीची, आणि आपला हॉल १२ फुटी. खोलीच्या दोन भिंतींमध्ये लाट मागे-पुढे आपटून एक उभी लाट तयार होते. १२ फुटांना ती ४७ हर्ट्झच्या आसपास येते. मोबाइलवर टोन जनरेटर उतरवून घ्या, ४७ चा सूर लावा आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीशी घुमतंय, मधोमध आलं की आवाज जवळजवळ नाहीसा, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा घूं. आणि पुण्यातल्या नव्वद टक्के घरांत सोफा कुठे असतो? भिंतीला टेकून. म्हणजे तो एक सूर सुजलेला आणि बाकीचे बिचारे उपाशी. हजारो रुपये खर्चून आपण पुन्हा माठच आणला. एवढंच, की या खेपेला आपण माठाच्या आत बसलोय.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. सबवूफर तात्पुरता आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं फिरायचं. जिथं बास सगळ्यात एकसारखा ऐकू येईल, ती त्याची जागा. साठीच्या गृहस्थानं हॉलमध्ये रांगणं घरच्यांना बघवत नाही, तेव्हा हा प्रयोग दार लावून करावा. मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांची हद्द ८० हर्ट्झवर ठेवावी. त्याखालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, त्यामुळे खोका दिसेनासा होतो. आणि त्याचा आवाज, आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडा कमी.

असं केलं, आणि मग जाणवलं की या यंत्राला काही गोष्टी जमत नाहीत. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या भोंग्यापुढे गाऊन भरलेल्या. विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९२५ च्या सुमारास. त्या तबकड्यांत खर्ज नोंदलाच गेलेला नाही, मग तो बाहेर कुठून येणार? सबवूफर तिथं फक्त फिरत्या तबकडीची घरघर वाढवतो. तिथं तुमचा कानच हवा, तो ट्रान्झिस्टरवर शिकलेला. नव्या, नीट मुद्रित झालेल्या मैफलीत मात्र बक्षीस मिळतं. तंबोऱ्यात फार फरक पडत नाही. जवारीचं रहस्य वरच राहतं. पण डग्गा! मनगट घसरत जातं आणि घुमारा वर वर सरकतो, ती वाट पहिल्यांदा घरात ऐकू येते. इतकी वर्षं तो रमणबागेत सोडून यावा लागत होता.

अडचण शेजाऱ्यांची. वाड्याच्या भिंती जाडजूड मातीच्या, आणि आमची ताकद माठाएवढी. आता भिंती चार-सहा इंचांच्या आणि आवाज खालून दणका देणारा. शब्द आणि बासरी भिंतीत जिरतात, खर्ज पलीकडे जातो. वरच्या मजल्यावर गाणं पोचत नाही, नुसती धपधप पोचते. तक्रार केली तर मीटर दाखवून भांडणारेही आहेत. कायद्यानं निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल. पण ज्या ‘ए’ मापानं ती मोजतात, ते ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. म्हणजे मीटर शांत आणि शेजारी जागा. विसर्जनाला डीजेच्या भिंतींपुढे उभं राहिलेल्या कुणाही पुणेकराला हे मीटरशिवायही कळतं. पूर्वी खर्ज सगळ्यांचा होता आणि सगळे तो मागून घ्यायला जात. आता तो एकट्याचा आहे आणि न मागता दुसऱ्यांच्या घरी जातो. माझ्या मते हिशेबात घाटा झाला आहे तो इथे, आवाजाच्या दर्जात नव्हे. तेव्हा खोक्याखाली रबराची जाड मॅट घालावी आणि दहाला बटण बंद करावं. यात कमीपणा नाही.

आणि घ्यायचाच असेल, तर दुकानात स्फोटाचा सीन लावू देऊ नका. तो लावला की कुठलाही डबा भारी वाटतो. विक्रेत्याला विलंबित एकताल लावायला सांगा. ‘धिं’ला डग्गा खुला असतो, त्याची आस लांबली पाहिजे. ‘कत्‌’ला हात पुडीवर दाबलेला असतो, तिथं आवाज जागच्या जागी तुटला पाहिजे. ज्या सबवूफरमध्ये ‘कत्‌’सुद्धा घुमतो, तो कितीही वॉटचा असो, दुकानातच राहू द्यावा. त्यापेक्षा माठ बरा. उन्हाळ्यात पाणी तरी गार राहतं.