शम्मन आमच्या घरी आली

इस्मत चुगताई यांची 'टेढी लकीर' ही कादंबरी १९४० च्या दशकात उर्दूत प्रसिद्ध झाली. आम्हा दोघी बहिणींच्या हाती ती आली देवनागरीत, हिंदी आवृत्तीच्या रूपाने. आमचा परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारदरबारी उर्दू चालायची, आमचे नाना उर्दूतच शिकले. पुढे संस्थान गेले. आम्ही गंगाखेडच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवली. घरात दखनी बोलत राहिलो, पण अलिफ-बे कुराणशरीफ वाचण्यापुरतेच उरले. म्हणून घरच्या बोलीजवळची ही कादंबरी आम्हाला नागरीच्या दाराने घरात आणावी लागली.

आमची खाला आमच्याकडेच राहते. निकाहानंतर चौथ्या वर्षी तलाक होऊन ती परत आली. शिलाई मशीन चालवून तिने आपले पोट भरले. तिला नागरी वाचता येत नाही. दुपारी आम्ही पाळीपाळीने मोठ्याने वाचायचो, ती काजे-बटणे करीत ऐकायची. अक्षरे आम्हाला येत होती, शब्द तिला. 'अन्ना' म्हणजे दूध पाजणारी दाई, हे तिनेच सांगितले.

शम्मन हे आईबापांचे दहावे अपत्य. तिच्या येण्याचा कुणाला आनंद नाही. आईकडून न मिळालेली माया ती दाईकडे शोधते, मोठ्या बहिणीकडे शोधते. दोघीही दुरावतात. शाळेत शिक्षिकेवर आणि मैत्रिणींवर जीव लावते. पुढे मैत्रिणीच्या वडिलांवर, रायसाहेबांवर तिचे मन जडते. ती शिकते, शाळेची मुख्याध्यापिका होते आणि शेवटी रॉनी टेलर या आयरिश माणसाशी लग्न करते. दोघांची सतत भांडणे होतात, तो युद्धावर निघून जातो. मागे ती एकटी, गरोदर. इथे कादंबरी थांबते.

खाला म्हणेल, 'कैसी बेशरम लडकी है', असे आम्हाला वाटले होते. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "छोटेपन में इसकू कोई गोद में लिया नै, इस वास्ते सबके पीछे जारी." थोड्या वेळाने म्हणाली, "पन मांगी तो सही. हमकू तो मांगनाच नै आया."

आपल्या समाजात स्त्रीच्या प्रश्नावर बोलणे झाले नाही, असे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. हे सारे हवेच होते. पण तलाक, पोटगी, मेहेर यांच्या चर्चेत बाईच्या भाकरीचा आणि छपराचा हिशेब होतो. तिला कोण हवे होते, हे कुणी विचारत नाही.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबताना त्या विठ्ठलाशी सलगीने बोलल्या, त्याच्याशी भांडल्या, आणि अभंगांत आपले नाव घालून गेल्या. देवाकडे हक्काने माया मागणाऱ्या या बाईचे गोदाकाठी मंदिर आहे. तीच माया एखाद्या बाईने माणसाकडे मागितली, तर गाव तिला काय म्हणते, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

मुलीला विचारण्याची रीत आपल्या दीनमध्येच आहे. निकाहाच्या वेळी वकील आणि दोन साक्षीदार येऊन तिची मर्जी विचारतात. पण तोवर मांडव पडलेला असतो, पाहुणे बसलेले असतात. तेव्हा कोणती मुलगी नाही म्हणेल?

गेल्या महिन्यात आमच्यातल्या धाकटीला स्थळ आले. अब्बा तारीख ठरवायला निघाले होते. कधी मध्ये न बोलणारी खाला उठून दारात उभी राहिली. म्हणाली, "भाईजान, देगाँ चढने के पैले पुछो इसकू."

अब्बा परत आत आले, बसले आणि त्यांनी विचारले. धाकटीने सांगितले की आधी बी.एड. पुरे करीन, आणि मुलाशी एकदा बोलेन. अब्बांनी तसा निरोप धाडला आहे. मुलाकडच्यांचे उत्तर अजून आलेले नाही.