नागनदीच्या खालच्या अंगास

ज्या नदीवरून नागपुरास नांव पडलें असें मानतात, ती नागनदी अंबाझरीकडून सीताबर्डी, महाल अशा वस्त्यांतून पूर्वेस वाहते. पुलावरून जातांना नाकास पदर लावण्याची रीत घरोघर इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, हा ओहोळ म्हणजे नदी आहे, हें मुलांस मुद्दाम सांगावें लागतें.

महाशिवरात्रीस मी कुही तालुक्यांतील आंभोऱ्यास गेलों होतों. तेथें कन्हान वैनगंगेस मिळते. टेकडीवर चैतन्येश्वराचें देऊळ आहे. मुकुंदराजांनीं 'विवेकसिंधु' येथेंच रचिला, असें तिकडील लोक सांगतात. (अंबेजोगाईकरांस हें मान्य नाहीं, तो वाद पंडितांचा.) स्नानास उतरतांना मनांत आलें कीं, आमच्या मोरीचें पाणी नागनदीतून कन्हानेंत, तेथून येथवर, आणि पुढें गोसीखुर्दच्या जलाशयांत जातें. नागपूर स्वतः पितें तें पेंच-कन्हानचें, संगमाच्या वरचें!

जुन्या गांवांत कातडीं कमावणारांचीं कुंडें बहुधा प्रवाहाच्या खालच्या अंगास असत. जोडे सारा गांव घाली, दुर्गंधीचा दोष मात्र कमावणारास देई. आज अख्खें शहरच वरच्या अंगास कुंड मांडून बसलें आहे, आणि त्यास कोणी गांवाबाहेर काढीत नाहीं.

तमिळनाडूंत पालार नदीकांठीं कातडीं कमावण्याच्या कारखान्यांनीं विहिरी व शेतें नासविलीं. त्या कारखान्यांची पाहणी आमच्या नागपूरच्याच 'नीरी' संस्थेच्या तज्ज्ञांनीं केली होती. २८ ऑगस्ट १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, घाण करणारानेंच भरपाई द्यावी. असा निकाल लागावा लागतो, याचें कारण उघड आहे. खर्च वरच्यानें करावा आणि सुख खालच्यानें भोगावें, अशी ही देवघेव. ती आपखुशीनें कोण करील?

भांडेवाडीस शहराचें सांडपाणी शुद्ध होतें व त्यांतील बराच भाग कोराडीच्या वीजकेंद्रास जातो. येथें लाभ चटकन् दिसला : महापालिकेस पैसा, वीजकेंद्रास पाणी, आणि तितकें धरणाचें पाणी शिल्लक. हें काम उत्तमच झालें. परंतु कुहीच्या शेतकऱ्याचें व गोसीखुर्दच्या मासेमारी करणाराचें हित त्या हिशेबांत कोणत्या रकान्यांत मांडलें आहे? नागनदीच्या शुद्धीकरणाच्या १९०० कोटींहून अधिक खर्चाच्या योजनेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्यें बसली. तिचें यश पुलावर न मोजतां आंभोऱ्यास मोजावें, असें मला वाटतें.

परततांना नावाड्यानें विचारलें, "मास्तर, तुमच्याकडचं पाणी कधी साफ होऊन येईन?" मीं योजनेची रक्कम सांगितली. त्यानें पुन्हा तेंच विचारलें.