मडक्याची खूण

आमच्या बेळगाव भागात दुकानाच्या पाटीवरून भाषेचा वाद हमखास निघतो. पुडक्यावरच्या मजकुरापाशी मात्र आम्ही सारेच मुके. घरात मराठी, बाजारात कानडी आणि वेष्टनावर बारीक टाइपातली इंग्रजी. तेव्हा चित्राची खूण ही खरे तर आम्हा दुभाषी लोकांची मोठी सोय व्हायला हवी.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना मी घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगितली आणि एकेका खुणेचा अर्थ विचारला. हिरवे पान दिसताच 'निसर्गाला चांगले' असे सारे एका सुरात म्हणाले. वस्तुतः नुसते पान कोणीही छापतो. चौकटीतला हिरवा ठिपकाही काहींना पर्यावरणाचा वाटला. तो फक्त पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. बाटलीच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात आकडा असतो, तो प्लास्टिकचा प्रकार दाखवतो: १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्या बाटलीचे पुन्हा काही घडेलच, असे वचन त्यात नाही.

मग मी फळ्यावर मडके काढले. एकालाही ओळखले नाही. केंद्र सरकारने १९९१ साली आणलेल्या 'इकोमार्क' योजनेची ही खूण. मातीतून येणारे, मातीत मिळणारे मडके. याहून बोलके चित्र कोणते? पण ती घेणे ऐच्छिक होते आणि उत्पादक फारसे पुढे आले नाहीत. २०२४ साली नवे नियम करून सरकारने ही योजना पुन्हा उभी केली. त्याच वर्षी, पुराव्यावाचून 'हरित', 'पर्यावरणस्नेही' म्हणवून घेण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वेही काढली.

फ्रिजवरचे तारे मात्र पोरांना चांगलेच ठाऊक होते. २००६ साली सुरू झालेल्या त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा असतो, आणि विजेच्या बिलावरून त्याचा थोडाफार पडताळा घरबसल्या घेता येतो. विश्वास बसतो तो असा.

बाजार खोट्या पानांनी भरला, की खरे मडकेही संशयात सापडते आणि पदरचा खर्च सोसून नीट माल करणाराच बुडतो. म्हणून मुलांना मी दोन प्रश्न लिहून दिले आणि घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत ते विचारा, असे सांगितले: ही खूण दिली कोणी? आणि ती खोटी ठरली, तर जाब कोणाला विचारायचा?